दाखवायचे दात, चावायचे दात

आपल्या मराठी भाषेने दातांना पुष्कळ कामाला लावले आहे. राग आला की आपण दातओठ खातो, शरण गेलो की दाती तृण धरतो, भीतीने आपली दातखिळी बसते आणि फार काटकसर करणाऱ्याला ‘दात कोरून पोट भरत नाही’ असे आपण सुनावतो. कन्नड विभागातील एका मैत्रिणीला मी एकदा ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सांगितली, तेव्हा ती हसून म्हणाली, “अगं, ही तर आमचीच! ‘कडले इद्दाग हल्लिल्ल, हल्लु इद्दाग कडले इल्ल.’” म्हणजे चण्यांची आणि दातांची चुकामूक दोन्ही भाषांत सारखीच आहे.

पण या सर्वांत मला शहाणी वाटते ती हत्तीची म्हण. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि चावायचे वेगळे. माणसाला निसर्गाने अशी सोय दिलेली नाही. ज्या दातांनी हसायचे त्यांनीच भाकरीही तोडायची. असे असूनही एखाद्याचे दात वाकडे आहेत म्हटले की आपण फक्त त्याच्या दिसण्याचा विचार करतो. ते दात एकमेकांना भेटतात का, घास तोडतात का, हे कोणी विचारत नाही. मलाही ते कोणी विचारले नव्हते. त्याचीच ही हकिगत.

आमचे घराणे खानदेशातले, पण मी वाढले ती सुरतेत, गोडादरा भागात. मामा रेल्वेत नोकरीला. त्यांची बदली भुसावळहून सोलापूरला झाली आणि त्यांच्यामुळे मी येथे शिकायला आले. गोडादरा म्हणजे लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांना लागून असलेली सुरतेची कष्टकरी वस्ती. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतली असंख्य कुटुंबे भुसावळ-सुरत रेल्वेने पोटासाठी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. भाजी घेताना गुजराती, शेजारणीशी अहिराणी, मालकाशी हिंदी आणि शाळेत मराठी, असे आमचे चार भाषांचे आयुष्य. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत; मी अशाच एका शाळेतून शिकले.

माझे वडील डाईंग मिलमध्ये कामाला. आई घरी साड्यांचे काम करते. रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांचे पोटले वस्तीत येतात. कोणी त्यांना लेस लावते, कोणी खडे चिकटवते, कोणी उरलेले धागे कापते. धागा कापायला कातर असते खरी, पण हात सुईत आणि मांडीवर साडी असताना कातर शोधत कोण बसतो? आई आणि तिच्या शेजारणी पुढच्या दातांनी धागा पटकन तोडतात. एक लहानसा ‘टक्’ असा आवाज होतो आणि काम पुढे सरकते.

मला तो आवाज कधी काढता आला नाही. आईला हातभार लावायला मी बसत असे, पण दोरा माझ्या दातांमधून नुसता सरकायचा. भाकरीचा तुकडाही मी हाताने तोडून दाढेखाली घ्यायची. पेरू खायचा तर सुरीने कापून. मला वाटे, प्रत्येकाची खायची पद्धत वेगळी, तशी ही माझी.

नववीत असताना दाढ दुखू लागली म्हणून आई मला दंतवैद्याकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी दाढ पाहिली आणि मग म्हणाल्या, “तोंड मिटून दाढा नीट दाब बघू.” मी दाढा दाबल्या. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. दाढा घट्ट मिटलेल्या होत्या, तरी पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये खिडकीसारखी फट होती. त्यातून जिभेचे टोक दिसत होते. बाईंनी मोजले, चार मिलिमीटर. मग त्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही शिवणकाम करता का?” आईला नवल वाटले. त्यांनी आईच्या पुढच्या दाताच्या कडेला पडलेली बारीक खाच दाखवली. वर्षानुवर्षे दोरा तोडणाऱ्यांच्या दातांना अशी खाच पडते. बाई मला म्हणाल्या, “आईचे दात दोऱ्यावर नेमके भेटतात, म्हणून खाच पडली. तुझे भेटतच नाहीत.”

दातांचा चावा म्हणजे काय, हे मला तेव्हा प्रथम समजले. चावा म्हणजे वरची आणि खालची दंतपंक्ती मिटल्यावर एकमेकींवर कशी बसते ती रीत. नीट चाव्यात वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना बाहेरून दोन-तीन मिलिमीटर झाकतात आणि दाढांचे उंचवटे समोरच्या दाढांच्या खोलगटांत बसतात, डब्यावर झाकण बसावे तसे. झाकण कोणत्या बाजूने चुकले आहे, त्यावरून चाव्याच्या दोषांना नावे आहेत. माझ्यासारखी पुढे फट राहिली तर तो उघडा चावा. वरचे दात खालच्यांना पार झाकून टाकत असतील तर खोल चावा. वरचा दात खालच्याच्या आत गेला तर उलटा चावा.

या दोषांची शिस्तवार मांडणी एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली केली. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा त्याने सर्व मोजणीचा खुंटा मानला. दाढा जागेवर, पण इतर दात दाटीवाटीने किंवा तिरके, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिलेली, त्यामुळे बहुधा वरचे दात पुढे आलेले, हा दुसरा. आणि खालची दाढ, बहुतेक वेळा खालच्या जबड्यासह, पुढे गेलेली, हा तिसरा. सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी दंतवैद्य आजही हीच भाषा बोलतात.

हे दोष होतात कशाने? काही रक्तातूनच येतात. बापाचा जबडा रुंद आणि आईचा अरुंद, तर मुलाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही. काही दोष सवयींचे. लहानपणी अंगठा चोखणे बहुतेक मुलांचे आपोआप सुटते आणि दातही सावरतात. पण कायमचे दात आल्यावरही ते चालू राहिले तर पुढचे दात वर ढकलले जातात. माझे तसेच झाले होते. पुढे अंगठा सुटला, पण पडलेल्या फटीत जीभ शिरू लागली. आपण दिवसाकाठी शेकडो वेळा गिळतो, आणि दर वेळी जीभ ती फट जपत राहते. तिसरे कारण दुधाचे दात. ‘पडणारेच आहेत, कशाला भरायचे?’ असे म्हणून किडलेली दुधाची दाढ काढून टाकतात. वास्तविक ती खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. ती वेळेआधी गेली की शेजारची दाढ सरकते आणि मागाहून येणाऱ्याला दारातच उभे राहावे लागते.

उपचार सांगितले गेले आणि आमच्या घरात सभा भरली. खर्च ३० हजारांचा, हप्त्यांनी. आणि मुदत सुमारे दोन वर्षे. माझ्या आत्याला आम्ही फुई म्हणतो. तिचे म्हणणे, पोरीचे दात पुढे आहेत हे खरे. पण तोंडात तारा घातलेली मुलगी दिसली तर पाहुणे काय म्हणतील? शेजारच्या काकूंचे मत नेमके उलटे. तारा आत्ताच लावा, नाहीतर पुढे स्थळे अडतील. दोघींचे एकमेकींशी पटत नव्हते, पण दोघी बोलत होत्या ते दाखवायच्या दातांविषयीच. वडील गप्प होते. मिलमध्ये त्या दिवसांत काम कमी होते. त्यातच डॉक्टरबाईंनी जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागतील असे सांगितलेले. “वरचे दात काढले की डोळे जातात,” फुई म्हणाली. हा समज फार जुना आहे आणि तो खरा नाही. दाताची नस आणि डोळ्याने पाहण्याची नस या दोन वेगळ्या नसा आहेत.

आईची एक भिशी त्या वर्षी लागायची होती. त्या पैशांतून माझ्या लग्नासाठी कानातले करायचे तिच्या मनात होते. सगळ्यांचे बोलून झाल्यावर आईने एवढेच विचारले, “हिला भाकरी तोडता येईल का?” वडील म्हणाले, “डॉक्टरबाई तर येईल म्हणतात.” “मग करून घेऊ,” आई म्हणाली. कानातले अजून झालेले नाहीत.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग. हाडात रोवलेला दात सरकतो कसा? मला वाटायचे, तार दाताला ओढते आणि भिंतीतला खिळा हलावा तसा तो हलतो. प्रत्यक्षात दात हाडाला चिकटलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दाताला एका बाजूस हलके ढकलले की त्या बाजूचा पडदा दाबला जातो आणि विरुद्ध बाजूचा ताणला जातो. दाबल्या गेलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणल्या गेलेल्या बाजूला नवे हाड घालणाऱ्या. पुढचे हाड खरवडले जाते, मागे भर पडते आणि दात आपल्या घरासकट पुढे जातो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

याला लागणारे बळ ऐकून मी चकित झाले. एका दातासाठी बहुधा १०० ग्रॅमच्या आतबाहेर. तेही एकसारखे आणि सतत. जोर वाढवला तर काम लवकर होत नाही. पडद्यातील रक्तप्रवाह थांबतो, पेशी मरतात, दात अडून बसतो आणि कधी त्याचे मूळच झिजते. “दोन वर्षांचे काम सहा महिन्यांत करा,” असे डॉक्टरांना म्हणण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

साधने मात्र पुष्कळ सुधारली आहेत. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूची पट्टी आणि तिला दातांशी बांधणारे दोरे, अशी युक्ती दिली होती. पुढे दाताभोवती धातूचे कडे ठोकून बसवीत. १९५५ साली मायकल ब्युनोकोर याने दाताचे कवच आम्लाने किंचित खरबरीत केले तर त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट चिकटतो असे दाखवले. त्यातूनच पुढे दाताच्या पृष्ठभागावर चिमुकले ब्रॅकेट चिकटवणे शक्य झाले. त्यांतून जाणारी पहिली बारीक तार बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. हा निटिनॉल अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७०च्या दशकात दातांपर्यंत पोचला. तो कितीही वाकवला तरी मूळ आकाराकडे परतू पाहतो आणि त्या परतण्यातच दातांना हलके बळ मिळत राहते.

माझ्या तोंडात हे सारे बसले. शिवाय टाळूच्या बाजूला तारेची एक छोटी जाळी बसवली, जिभेला फटीत शिरू न देणारी. पहिले आठ दिवस मला ‘स’ म्हणता येईना. वर्गात ‘सुरत’ म्हणताना जे काही बाहेर पडे, त्याला मुली हसत. ब्रॅकेटांनी गालाला फोड आले; त्यावर मेण लावायचे. कळण्याची भाकरी बंद; वरण-भात, खिचडी आणि वांग्याचे भरीत यांवर दिवस गेले. प्रत्येक जेवणानंतर लहान ब्रश घेऊन तारांखालून साफ करायचे, कारण तारा असताना अन्न अडकते आणि कीड लवकर लागते. दर महिन्याला डॉक्टरबाईंकडे जायचे. जाताना वाटे, एवढ्याशा फिरवाफिरवीने काय होणार? आणि तीन महिन्यांनी आरशात पाहिले की खिडकी थोडी मिटलेली असे.

माझ्याबरोबर येणाऱ्या धाकट्या भावाचे काम मात्र चुटकीसरशी झाले. तो तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचा वरचा एकच दात खालच्या दातांच्या आत अडकला होता. डॉक्टरबाईंनी त्याला काढता-घालता येणारी स्प्रिंगची पट्टी दिली आणि दोन महिन्यांत दात बाहेर आला. खर्च माझ्या खर्चाच्या मानाने किरकोळ. तोच दात तसाच राहिला असता तर समोरच्या दातावर रोज आपटून त्याची हिरडी खाली गेली असती. फुईची गोष्ट याच्या उलट. तिचा खालचा जबडाच पुढे आहे. वाढीच्या वयात जबड्याच्या वाढीला काही प्रमाणात वळण लावता येते, पण वाढ थांबल्यावर असा जबडा मागे घ्यायला शस्त्रक्रियाच लागते. तिच्या लहानपणी गावात दंतवैद्यच नव्हता. पन्नाशी ओलांडलेली फुई आज भाकरी वरणात कुस्करून खाते आणि जेवताना तोंडापुढे पदर धरते. एकाच घरातील आम्ही तिघे; वय आणि वेळ यांमुळे तिघांचे तीन निकाल लागले.

तारा निघाल्या त्या दिवशी सगळे संपले असे मला वाटले होते. पण नवे हाड पक्के व्हायला आणि हिरड्यांतील ताणलेले तंतू स्थिरावायला वर्षभर जातो. तोपर्यंत दात जुन्या घराकडे ओढ घेतात. म्हणून रिटेनर नावाची साधी पट्टी घालावी लागते. मी ती रात्री अजून घालते. जीभ कुठे ठेवून गिळायचे हेही मला नव्याने शिकावे लागले. सवय सुटली नाही तर फट परत येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक वाकड्या दाताला उपचार लागतोच असे नाही. घास नीट चावला जातो, दात साफ ठेवता येतात, हिरडीला इजा होत नाही, मग एखादा सुळा जरा बाहेर असला तर असू द्यावा. तो आपल्या चेहऱ्याची खूण आहे. लाज वाटते म्हणून कोणी उपचार केले तर त्यालाही नावे ठेवू नयेत. मोकळेपणाने हसता येणे हीसुद्धा गरजच आहे. मात्र दातांमधली फट मिटवायला घरच्या घरी साधे रबर बांधण्याचे जे प्रकार चालतात, त्यांपासून दूर राहावे. रबर हळूहळू मुळाकडे सरकते, हिरडीत दिसेनासे होते आणि चांगला दात सैल होऊन पडतो.

पैशांचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या देशात पहिले दंत महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे, गुजरातेत अहमदाबाद आणि जामनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी तर पुष्कळ. तेथील रुग्णालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. गोडादऱ्यातील आमच्या गल्लीत हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या आणि टॉवेलांची शिलाई करणाऱ्या बायांच्या घरी तरी ते किती जणींना ठाऊक असेल?

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सात-आठ वर्षांची भावंडे, भाचरे आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांना दाढा दाबून ओठ बाजूला करायला सांगा आणि पुढचे दात एकमेकांना भेटतात का ते पाहा. मिनिटभराचे काम आहे. भेटत नसतील तर घरच्यांना सांगा, की हे दात दिसतात कसे ते नंतर पाहू. आधी एकदा दंतवैद्याला दाखवून येऊ. त्या वयात पुष्कळदा एखादी पट्टी आणि काही आठवडे एवढ्यावर काम भागते.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा सणाच्या साड्यांचे पोटले येऊन पडले होते. मी एक साडी मांडीवर घेतली आणि टाका पुरा झाल्यावर दोरा दातांत धरला. ‘टक्’ झाले. आईने मान वर केली आणि म्हणाली, “कातर घे गं, खाच पडेल.”